ब्लॉक काढा: सांगली जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना एका मतदाराचे खुले पत्र

सन्माननीय खासदार, आमदार, नगरसेवक, जिल्हा परिषद व पंचायत समिती सदस्य आणि सरपंच,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझे शिवणकाम चालते. ब्लाउज, पिको-फॉल आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. त्या खोलीच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. वरची २०१९ ची, तिच्याखालची २०२१ ची. पूर ओसरल्यावर पाण्याने भिंतीवर सोडलेल्या या खुणा. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला सांगून मी तेवढा पट्टा तसाच ठेवला. नवीन गिऱ्हाईक आले की माप देता देता नजर तिकडे जाते, आणि मग दोन मिनिटे मापाचे राहते, पुराचेच बोलणे होते.

हे आधी सांगितले, कारण पुढे जे लिहिणार आहे ते फेसबुकचे आहे, आणि फेसबुक म्हटले की आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो रिकामटेकड्यांचा विषय वाटतो. माझ्यासाठी तो त्या दोन रेघांचा विषय आहे.

आमच्या भागाच्या एका लोकप्रतिनिधीने मला ब्लॉक केले आहे. त्यांचे नाव किंवा पद मी इथे लिहिणार नाही. या पत्रातून एका माणसाला चव्हाट्यावर आणायचे नाही. मी ओळखीपाळखीत विचारायला सुरुवात केली तेव्हा माझ्यासारखे आणखी निघाले. कुणाला मिरजेतल्या, कुणाला तालुक्याच्या गावातल्या पुढाऱ्याने ब्लॉक केलेले. पक्षही वेगवेगळे. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

घडले ते असे. मे महिन्यात त्यांच्या प्रोफाइलवर जेसीबीचा फोटो आला आणि वर लिहिले होते, प्रभागातील नालेसफाई पूर्ण. आमच्या गल्लीमागचा नाला तेव्हा गाळाने, थर्माकोलने आणि बाटल्यांनी काठोकाठ भरलेला होता. मी खिडकीतून फोटो काढला आणि त्यांच्या पोस्टखाली टाकला. शब्द असे होते: "साहेब, आमच्या गल्लीमागच्या नाल्यात गाळ अजून तसाच आहे. फोटो जोडला आहे. पावसाआधी काढून घ्यावा ही विनंती." रात्रीपर्यंत अकरा जणांनी त्याला लाइक केले. सकाळी कॉमेंट नव्हती. माझ्याच हातून काही चुकले असेल असे वाटून मी पुन्हा लिहिली. तीही गेली. तेव्हा मला राग आला, हे मान्य करते. तिसऱ्यांदा लिहिले, "कॉमेंट काढून गाळ निघत नाही साहेब. आम्ही २०१९ पण बघितलाय आणि २०२१ पण." त्या संध्याकाळपासून त्यांची प्रोफाइल माझ्या फोनवर उघडत नाही. नाव शोधले तरी सापडत नाही. माझी भाची वकिली शिकते, तिच्या फोनवर मात्र सगळे नीट दिसत होते. तीच म्हणाली, "मावशी, तुला ब्लॉक केलंय."

यात शिवी नाही, कुणाच्या घरादारावर काही नाही. जातीधर्माचा एक शब्द नाही. तरी पहिले दोन-तीन दिवस मला लाजच वाटत होती. चारचौघांत कुणी उठवून बाहेर काढावे तसे वाटले. ही गोष्ट मी भाचीशिवाय कुणाला सांगितली नाही, आणि बहुतेक लोक असेच गप्प बसत असावेत.

मग ऑगस्ट आला. धरणक्षेत्रात पाऊस लागला, कोयनेतून विसर्ग वाढला आणि कृष्णा फुगू लागली. नदीकाठच्या माणसाचे त्या दिवसांतले जगणे कसे असते, हे आपल्याला मी सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. माझे वडील हळदीच्या पेठेत हमाली करायचे. त्यांच्या काळी नदीकडे जाऊन पुलाच्या खांबावरचे आकडे बघून यायचे आणि गल्लीत सांगायचे. आता आम्ही फोन बघतो. आणि फोनवर कुणाचे बघतो? आपलेच. पातळीचा आकडा तसा जलसंपदा विभागाकडूनही मिळतो, पण त्या आकड्याचा अर्थ आमच्या गल्लीपुरता काय, हे आपल्या पोस्टमधून कळते. कोणत्या शाळेत निवारा उघडला, सामान हलवायला टेम्पो कुठे उभा राहणार, वीज किती वाजता बंद करणार, पिण्याच्या पाण्याचा टँकर कधी येणार, नंतर पंचनाम्याला कोणती कागदपत्रे काढून ठेवायची. हे सगळे तिथे येते, आणि आपण ते टाकता याबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्या दिवसांतल्या एका रात्री दहाच्या सुमाराला अशीच पोस्ट पडली होती. सकाळी सहा वाजता चौकात टेम्पो येईल, ज्यांना सामान हलवायचे आहे त्यांनी बांधून तयार राहावे. ती अख्ख्या गल्लीला कळली, मला नाही. सात वाजता शेजारच्या वहिनींनी दार वाजवले तेव्हा पहिली फेरी निघून गेली होती. मी आणि मुलाने शिलाई मशीनची मोटर सोडवली, मशीन टेबलावरून उतरवून माळ्यावर चढवली, गिऱ्हाइकांची कापडे गाठोड्यात बांधून वहिनींच्या वरच्या मजल्यावर टाकली. या खेपेस पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आले नाही, म्हणून नुकसान झाले नाही. आले असते तर? ज्याच्या शेजारी अशा वहिनी नाहीत, त्याने काय करायचे?

एक कॉमेंट पुसली जाणे मी सोसले असते. पण ब्लॉक केलेल्या माणसाचे तोंड तर बंद होतेच, त्याचे डोळे आणि कानही बंद होतात. मी मत दिले, मी घरपट्टी भरते, पूर माझ्या दारात येतो, आणि त्या पुराची माहिती ज्या ठिकाणी जाहीर होते तिथून मला काढून टाकले आहे.

आपल्यातले काही जण म्हणतील की ते माझे खासगी खाते आहे, तिथे कुणाला येऊ द्यायचे ते मी ठरवीन. घरात कुणाला घ्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न, हे मलाही पटते. आपल्या मुलाच्या लग्नाच्या फोटोखाली नाल्याचा गाळ आणून टाकायचा मला कधीच हक्क नव्हता. पण ज्या खात्याच्या नावाआधी पद लिहिलेले आहे, जिथे भूमिपूजनाचे फोटो आहेत, कोणत्या रस्त्याला किती लाख मंजूर झाले ते आहे, ते घर राहिले नाही, त्याची चावडी झाली. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आमदार निधीही ५ कोटी. हा पैसा लोकांचा आहे. त्याचा हिशेब जिथे मांडला जातो तिथे बसायला मला कुणाच्या आवडीनिवडीची परवानगी कशाला लागावी?

भाचीने मला अमेरिकेतले खटले समजावून सांगितले. तिकडचा निकाल इकडे बंधनकारक नाही, हे तिनेच आधी सांगितले. तरी ऐकण्यासारखे आहे. डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्ष असताना त्यांनी ट्विटरवर टीकाकारांना ब्लॉक केले. त्यातले सात जण आणि एक संस्था न्यायालयात गेली. २०१८ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की मत पटत नाही म्हणून असे ब्लॉक करणे घटनेला धरून नाही. पुढे ट्रम्प पदावरून गेले, खटल्यात अर्थ उरला नाही म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुसून टाकला. मग मिशिगन राज्यातल्या पोर्ट ह्युरॉन नावाच्या लहान शहराचे प्रकरण वर गेले. तिथले सिटी मॅनेजर, म्हणजे साधारण आपल्याकडच्या आयुक्तांसारखे अधिकारी, एकाच फेसबुक पानावर घरचे फोटोही टाकत आणि शहराचे निर्णयही. करोनाच्या काळात एका रहिवाशाने त्यांच्या कामावर टीका केली. आधी त्याच्या कॉमेंट गेल्या, मग तोच ब्लॉक झाला. ऐकताना मला माझाच मे महिना आठवला.

१५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर एकमताने निकाल दिला. तो आंधळेपणाने नागरिकाच्या बाजूचा नाही. न्यायालय म्हणाले, अधिकाऱ्यालाही खासगी आयुष्य आहे, त्यालाही स्वतःचे बोलण्याचा हक्क आहे. म्हणून दोन गोष्टी तपासा. त्या विषयावर सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला खरोखर होता का, आणि ती पोस्ट टाकताना तो तोच अधिकार वापरत होता का. दोन्हींचे उत्तर हो असेल, तर तिथे तो सरकार म्हणूनच बोलत असतो आणि नागरिकाला हाकलू शकत नाही. आणखी एक बारीक गोष्ट त्यात आहे, ती मला फार महत्त्वाची वाटली. एक कॉमेंट काढली तर प्रश्न त्या एका पोस्टपुरता राहतो. माणूस ब्लॉक केला की तो सगळ्याच पोस्टना मुकतो, सरकारी कामाच्या पोस्टनाही. म्हणून खासगी आणि पदाचे एकत्र करून ठेवणाऱ्याची जोखीम वाढते, असे न्यायालयाने बजावले. माझे ऑगस्टमध्ये हेच झाले. राग एका नाल्यावरच्या कॉमेंटचा होता, आणि माझ्याकडून गेली ती टेम्पोची वेळ.

आता आपल्या घरचे. घटनेच्या कलम १९(१)(अ) ने मला बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर बंधने घालता येतात, पण ती कलम १९(२) मध्ये मोजून दिलेली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. लोकप्रतिनिधीला न आवडलेला प्रश्न त्या यादीत नाही. २०१२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. त्याच निकालात कलम ६९-अ मात्र कायम राहिले. सरकारला इंटरनेटवरचा मजकूर ब्लॉक करायला लावण्याचा अधिकार देणारे ते कलम. ते टिकले, कारण त्यात कारणे ठरवून दिली आहेत, आणि ती लेखी नोंदवावी लागतात. जरा विचार करा. केंद्र सरकारला एखादा मजकूर बंद करायचा तर कारण कागदावर लिहावे लागते. आणि इथे आपले खाते सांभाळणारा पोरगा अंगठ्याच्या एका दाबात मतदार बाहेर काढतो, आणि कित्येकदा आपल्याला ते कळतही नाही.

२०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आणखी पुढचे पाऊल टाकले. बोलण्याचे आणि जगण्याचे, म्हणजे कलम १९ आणि २१ खालचे, हक्क केवळ सरकारविरुद्धच मागता येतात असे नाही, इतरांविरुद्धही मागता येतात, असे चार विरुद्ध एक मताने ठरले. तेव्हा हे खाते सरकारी नाही, खासगी आहे, एवढे म्हणून विषय मिटत नाही.

आणि एक कलम असे आहे की जे मला भाचीने दाखवेपर्यंत माहीतच नव्हते. कलम ३५०. कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तिथे चालणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गाऱ्हाणे हा शब्द घटनेत आहे, हे वाचून मला बरे वाटले. माझे वडील अर्ज लिहून घेऊन सकाळी सकाळी नगरसेवकाच्या दारात जाऊन उभे राहायचे. कधी काम व्हायचे, कधी ओरडून घ्यावे लागायचे. एकदा तर रागावून त्यांना परत पाठवले होते. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, आणि दार उघडेच होते.

व्हॉट्सॲपचेही सांगते. भागाभागाचे ग्रुप आपणच काढले, निवडणुकीआधी आम्हाला न विचारता त्यात घेतले. निवडून आल्यावर त्यातले बरेचसे "फक्त ॲडमिन" झाले. कारण विचारले की सांगतात, कुणी काही आक्षेपार्ह टाकले तर ॲडमिनवर केस होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की एखाद्या सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, त्याचा संगनमताने हात असल्याचे दिसले पाहिजे. तेव्हा ही भीती मनातून काढा.

आपली बाजू मला दिसत नाही असे नाही. विशेषतः महिला सदस्यांबद्दल लिहिते. त्यांच्या पोस्टखाली काही पुरुष जे लिहितात ते मी वाचले आहे. रस्त्याच्या कामाची पोस्ट, आणि खाली तिच्या कपड्यांवर, नवऱ्यावर, चारित्र्यावर. अशांना ब्लॉक कराच, आणि पोलिसांतही द्या. त्यात मी आपल्या बाजूने उभी राहीन. खोटी खाती आहेत, विरोधकांनी कामाला लावलेली पोरे आहेत, एकच मजकूर शंभर ठिकाणी चिकटवणारे आहेत. अमेरिकेच्या त्याच निकालासोबत कॅलिफोर्नियातले एक प्रकरण होते, त्यात एका पालकाने शाळा मंडळाच्या एका सदस्याच्या २२६ ट्विटखाली दहाएक मिनिटांत एकच उत्तर टाकले होते. असल्या माऱ्याने कुणीही वैतागेल. शिवी काढून टाका, धमकी देणाऱ्याला बाहेर काढा, तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाकणाऱ्याच्या जादाच्या कॉमेंट लपवा. पण गाळ विचारणारी बाई आणि शिवी देणारा माणूस एकाच यादीत टाकू नका.

माझे बघून गल्लीतल्या बायकांनी प्रश्न विचारणे बंद केले. आता त्या पोस्टखाली हात जोडलेली चित्रे असतात, फुले असतात, "अभिनंदन साहेब" असते. मी भाचीच्या फोनवरून कधीतरी बघते. शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्यावर काही नाही, खड्ड्यांवर काही नाही, रात्री बंद असणाऱ्या दिव्यांवर काही नाही. हे वाचून आपल्याला भागात सगळे ठीक चालले आहे असे वाटत असेल, तर पुढच्या पावसाळ्यात आपलीच फसगत होईल. तुंबलेला नाला सगळ्यात आधी त्याच्या कडेला राहणाऱ्याला दिसतो.

सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेली माणसे त्यांना ट्विटरवर थेट लिहायची, आणि त्या उत्तर द्यायच्या. पासपोर्ट हरवलेला, पैसे संपलेले, अशा साध्यासुध्या माणसांना देशाची मंत्री हाताच्या अंतरावर वाटायची. आमची अपेक्षा त्याहून लहान आहे. उत्तर नाही दिले तरी चालेल. प्रश्न तिथे राहू द्या.

मागणे सांगते. आपले खासगी खाते वेगळे ठेवा आणि पदाचे वेगळे. पदाच्या खात्यावर कुणाला का काढले जाईल, ते चार ओळींत मराठीत लिहून वर लावा. काढण्याआधी एकदा ताकीद द्या. खाते पीए बघत असेल किंवा एखादी एजन्सी, ब्लॉकची यादी महिन्यातून एकदा स्वतः बघा. त्यातली नावे आपल्याला ओळखीची वाटतील. निवारा, टेम्पो, टँकर, पंचनामा यांची माहिती फेसबुकवर टाकाल तेव्हा चौकातल्या फलकावरही लावा. सगळ्यांकडे स्मार्टफोन नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यातले काही माझ्यासारखे बाहेर काढलेले आहेत.

आणि ज्यांनी मला ब्लॉक केले त्यांना एवढेच. साहेब, आपण आमच्या गल्लीत आला होता तेव्हा माझ्या त्याच खोलीत बसला होता. भिंतीवरच्या रेघा आपण हात लावून बघितल्या होत्या, आणि वरची रेघ आपल्या खांद्याच्या वर आली होती. आपण तेव्हा काही बोलला नाहीत, बराच वेळ बघत राहिलात. मला ते लक्षात आहे. नाल्यातला गाळ अजून तिथेच आहे. मिरगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत तो काढून घ्या, आणि माझे नाव त्या यादीतून काढा.

आपली,
गावभागातील एक मतदार,
सांगली